विसर्जनाच्या रात्रीचे फोटो दाणेदार येतात, आणि नॉईज काढला की चेहरे मेणाचे होतात, त्यावर काय करायचं

अनंत चतुर्दशी झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मला मेसेज यायला लागतात आणि दरवर्षी प्रश्न तोच असतो. ताई, पुण्यात अलका चौकात रात्री फोटो काढले, कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर मस्त दिसत होते, घरी येऊन लॅपटॉपवर टाकले तर सगळीकडे दाणे दाणे आणि सावलीत लाल-हिरवे ठिपके. मग ते घालवायला नॉईज रिडक्शनचा स्लायडर ओढला तर ताशा वाजवणाऱ्या पोरीचा चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा झाला. आता काय करू?

यंदा आमच्याच ढोल-ताशा पथकातल्या एका मुलीने असे सोळा फोटो पाठवले, रॉ फाईल्ससकट (म्हणजे कॅमेऱ्याने काहीही न सुधारलेला सेन्सरचा कच्चा डेटा), म्हणून नीट बघता आलं. फोटो खरंच छान आहेत, एकात तर टिळक रोडवर ताशाच्या काड्या हवेत आहेत आणि मागे ध्वज फिरतोय. ती म्हणाली माझा कॅमेराच जुना आहे, नवा घ्यावा लागेल. मी म्हटलं थांब, आधी फाईल बघू दे. आयएसओ १६००, शटर १/२५०, एफ २.८, आणि फोटो जवळजवळ काळाकुट्ट, जो तिने लाईटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोजर अडीच स्टॉप वर नेऊन (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) शॅडो पण ८० पर्यंत ओढून उजेडात आणलेला. का, तर तिला कोणीतरी सांगितलेलं की आयएसओ १६०० च्या वर नेला की नॉईज येतो. हा सल्ला पुण्यात अर्ध्या फोटोग्राफर पोरांना मिळालेला आहे आणि माझ्या मते सगळी गडबड इथूनच सुरू होते.

नॉईज येतो कुठून ते एकदा समजून घ्या, मग सॉफ्टवेअरमध्ये काय हलवायचं ते आपोआप कळतं. मिरवणुकीच्या पुढे रस्त्यावर रांगोळीचे गालिचे घालतात ते बघितलंय ना, त्यात रंग चाळणीतून पाडतात. पहिला हात फिरवला की रंग ठिपक्या-ठिपक्यांनी पडतो, एकीकडे चार कण जास्त, शेजारी नुसतं डांबर दिसतंय. चार-पाच हात फिरले की तोच रंग सपाट दिसायला लागतो. सेन्सरवर प्रकाश तसाच पडतो. एका पिक्सलवर १०,००० फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, पोचले तर त्यातला चढउतार वर्गमूळाइतका, म्हणजे साधारण १०० चा, एक टक्का, जो डोळ्याला दिसतच नाही. १०० च फोटॉन पोचले तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के, आणि हे दहा टक्के म्हणजेच तुमचे दाणे. त्यावर सेन्सरमधून सिग्नल वाचताना येणारा थोडा इलेक्ट्रॉनिक नॉईज बसतो आणि तो सावलीतच जास्त उठून दिसतो, कारण तिथे खरा सिग्नल मुळात कमी.

आता किती फोटॉन पोचणार हे शटर आणि अ‍ॅपर्चर ठरवतं, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहिलं आणि लेन्सचं भोक किती मोठं होतं (एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं), थोडक्यात समोर जो काही उजेड आहे त्यातला किती आत घेतला ते. आयएसओ फक्त आलेला सिग्नल मोठा करतो. त्यामुळे शटर आणि अ‍ॅपर्चर तेच ठेवून आयएसओ १६०० वर अंधारा फोटो काढला आणि घरी येऊन दोन स्टॉप वर ओढला, तर आयएसओ ६४०० वर नीट उजेडात काढलेल्या फोटोपेक्षा तो चांगला येत नाही, बऱ्याच कॅमेऱ्यांमध्ये वाईटच येतो. काही नव्या सेन्सरमध्ये दोन्ही जवळपास सारखे येतात, पण फायदा तिथेही काही नाही (हायलाईट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, वाचवायचे असतील तर गोष्ट वेगळी). म्हणून पुढच्या वर्षी आयएसओ ६४०० ला घाबरू नका, हिस्टोग्राम (फोटोत गडद-उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख) बघा, चेहरा नीट उजेडात येतोय ना ते बघा. आणि मूर्ती चौकात थांबलेली असताना, आरती चालू असताना १/२५० कशाला हवंय, १/६० वर या, चौपट प्रकाश मिळतो आणि नॉईज प्रकाशाच्या मानाने निम्मा होतो. किट लेन्सच्या एफ ५.६ ऐवजी साधी ५० एमएम एफ १.८ लावली तर नऊ-दहापट उजेड आत येतो, एवढा फरक कुठलंही सॉफ्टवेअर देत नाही.

पण आता फोटो काढून झालेत, मिरवणूक परत येणार नाही, तर हातात आहे त्या फाईलचं काय करायचं ते बघू.

सगळ्यात आधी तुमच्या फोटोत नक्की कुठला त्रास आहे तो १०० टक्के झूम करून ओळखा, कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे आणि लोक सगळ्यावर एकच स्लायडर ओढतात. काळ्या भागात लाल, हिरवे, जांभळे डाग दिसत असतील तर तो कलर नॉईज. रंग बरोबर आहे पण वाळूसारखे उजळ-गडद कण दिसतायत तर तो ल्युमिनन्स नॉईज. एकच चमकदार लाल किंवा पांढरा ठिपका प्रत्येक फोटोत त्याच जागी येत असेल तर तो हॉट पिक्सल, तो नॉईज रिडक्शनने जात नाही, हीलिंग ब्रशने एका क्लिकमध्ये जातो. पूर्ण फोटोत आडवे रंगीत पट्टे असतील, एक पट्टा पिवळट आणि एक निळसर, तर तो नॉईज नव्हेच, ते रोषणाईच्या दिव्यांचं फ्लिकर आहे. आपली वीज ५० हर्ट्झची आहे त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं तर बहुतेक वेळा पट्टे जातात, रथावरच्या मोठ्या एलईडी वॉलचं गणित मात्र वेगळं असतं आणि तिथे एवढ्याने भागत नाही. आणि चौकोनी चौकोनी ठोकळे दिसत असतील तर तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो एडिट करताय, तो आधी बंद करा आणि मूळ फाईल मागवा.

मूळ फाईल म्हणजे रॉ. हे मी दरवेळी सांगते आणि परत सांगते. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने स्वतःच नॉईज रिडक्शन करून टाकलेलं असतं, बारकावे पुसलेले असतात, आणि प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या उरलेल्या असतात. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४ असतात. सावली वर ओढायची म्हटलं की हा फरक लगेच दिसतो. आणि कॅमेऱ्याच्या मेन्यूमधलं हाय आयएसओ नॉईज रिडक्शन फक्त जेपेगवर चालतं, रॉ शूट करत असाल तर ते चालू आहे की बंद याची काळजी करू नका.

आता क्रम. नॉईज आधी, शार्पनिंग नंतर, क्लॅरिटी, टेक्स्चर आणि डीहेझ सगळ्यात शेवटी आणि जपून, कारण हे तिन्ही स्लायडर दाणे फुगवतात. मुलीच्या फोटोत क्लॅरिटी ४० वर होती आणि डीहेझ २५ वर, ढोलाच्या धुळीतून चेहरे उठून यावेत म्हणून. ते दोन्ही शून्यावर आणल्यावर अर्धा नॉईज तिथेच गेला, नॉईज रिडक्शनला अजून हातसुद्धा लावला नव्हता.

लाईटरूममध्ये २०२३ पासून एआय डिनॉईज आलंय, आणि ते चांगलं आहे हे मी मान्य करते, त्याच्या आधीपासून डीएक्सओ कंपनीचं डीपप्राईम पण चांगलंच काम करतंय. हे रॉ डेटावर चालतं त्यामुळे एडिटिंगच्या अगदी सुरुवातीला करायचं. ग्राफिक्स कार्ड जुनं असेल तर एका फोटोला बराच वेळ लागतो, सगळी फोल्डर लावून झोपायला जा. लाईटरूमच्या डिनॉईजचा आकडा आपोआप ५० वर असतो, मला तो जास्त वाटतो, मी ३० ते ४० च्या मध्ये ठेवते. का ते सांगते. एका फोटोत मागे दूरवर मंडळाचा फलक होता, ५० वर डिनॉईज केल्यावर ‘मंडळ’चा अनुस्वार गायब आणि ‘मडळ’ झालं! सॉफ्टवेअरला तो बारीक ठिपका म्हणजे एक दाणा वाटला आणि त्याने तो पुसला. रफार आणि मात्रा पण अशाच वितळतात. अक्षरात चूक लगेच कळते म्हणून आपल्या लक्षात येतं, पण गर्दीतल्या लांबच्या चेहऱ्यांवर हेच होत असतं, डोळे भलतेच बनतात, आणि ते आपण तपासतसुद्धा नाही. त्यामुळे माझी सवय अशी झालीय की डिनॉईज केल्यावर आधी फलक वाचायचा. अनुस्वार जागेवर असतील तर पुढे जायचं, नसतील तर आकडा कमी करायचा. मिरवणुकीच्या फोटोत कुठे ना कुठे मराठी अक्षरं असतातच, त्यामुळे ही परीक्षा फुकट मिळते.

एआय नसेल, किंवा जुनं व्हर्जन असेल, किंवा जेपेगच असेल, तरी हाताने पुष्कळ होतं. कलर नॉईजचा स्लायडर रॉसाठी आपोआप २५ वर असतो, ६४०० ला तेवढा बहुतेक पुरतो, त्याच्या वर ४० पर्यंत न्या पण न्याल तेव्हा चेहऱ्याजवळ बघा. जास्त ओढलं की रंग शेजारी सांडतो, टिकलीचा लाल कपाळात उतरतो, नऊवारीच्या काठातला जरीचा पिवळा फिका पडतो. ल्युमिनन्स शून्यापासून हळूहळू वर, २० ते ३० मध्ये मी थांबते, आणि त्याच्या खालचा डिटेल ५० वरून ६०-६५ करते. दाणे थोडे दिसतातच, दिसू द्या. कलर नॉईज डोळ्याला खुपतो कारण तसे रंग प्रत्यक्षात कुठे नसतात, ल्युमिनन्सचे दाणे मात्र जुन्या फिल्मच्या ग्रेनसारखे वाटतात आणि माणसाच्या कातडीला पोत असतो, तो पोत गेला की चेहरा मेला. ही माझी ठाम समजूत आहे, गुळगुळीत चेहऱ्यापेक्षा दाणेदार चेहरा शंभर वेळा बरा.

मग शार्पनिंग. आपोआप ४० असतं आणि मास्किंग शून्य, म्हणजे ते दाण्यांना पण धार लावत बसतं. आल्ट दाबून धरा, मॅकवर ऑप्शन, आणि मास्किंगचा स्लायडर उजवीकडे सरकवा, स्क्रीन काळी होत जाईल आणि फक्त कडा पांढऱ्या उरतील. आकाश आणि गाल पूर्ण काळे झाले की सोडा, साधारण ७०-८० ला होतं.

पैसे खर्च करायचे नसतील तर डार्कटेबल घ्या, फुकट आहे आणि त्यातलं डिनॉईज प्रोफाईल्ड हे मॉड्यूल मला फार आवडतं, कारण त्यात पुष्कळ कॅमेऱ्यांची आयएसओनुसार नॉईजची मोजमापं आधीच भरलेली आहेत, तुमचा कॅमेरा आणि आयएसओ ते फाईलमधूनच ओळखतं. ते दोनदा लावा. एकदा वेव्हलेट्स घेऊन ब्लेंड मोड कलर, हे पूर्ण ताकदीने, आणि दुसऱ्यांदा नॉन-लोकल मीन्स घेऊन ब्लेंड मोड लाईटनेस, ओपॅसिटी ४०-५० टक्के. म्हणजे रंगाचे डाग सगळे जातात आणि दाणे अर्धेच जातात. पहिल्यांदा उघडल्यावर डार्कटेबल किचकट वाटतं, पण एकदा ही सेटिंग स्टाईल म्हणून सेव्ह केली की पुढे एका क्लिकचं काम आहे.

आता गुलाल. हा आपल्याकडचा खास प्रॉब्लेम आहे आणि इंग्रजी व्हिडिओंमध्ये याचं उत्तर सापडत नाही. हवेतला गुलाल, भंडारा, पावसाचे बारीक थेंब, ढोलावर थाप पडल्यावर उडणारी धूळ, हे सगळं सॉफ्टवेअरच्या दृष्टीने नॉईजच आहे. त्याने ते पुसलं की फोटो स्वच्छ होतो आणि मिरवणूक निघून जाते, पोरं कुठल्यातरी हॉलमध्ये वाजवतायत असं वाटतं. त्यासाठी मी फोटोच्या दोन कॉपी काढते, एक डिनॉईज केलेली आणि एक न केलेली (कलर नॉईज मात्र दोन्हीतून काढलेला), आणि फोटोशॉपमध्ये एकावर एक ठेवते, जिम्पमध्येही हेच होतं. वरती डिनॉईजवाली, तिची ओपॅसिटी ७० टक्के, आणि तिला मास्क लावून जिथे गुलाल उडतोय, केस आहेत, ढोलाची दोरी आहे, कपड्याची वीण आहे तिथे मऊ काळ्या ब्रशने खालची कॉपी उघडी करते. काळं आकाश, लांबच्या इमारती, रस्ता, तिथे डिनॉईजवाली कॉपी तशीच राहू देते. दहा मिनिटांचं काम आहे एका फोटोला, सगळ्या फोटोंना करायची गरज नाही, जे दोन-तीन जपून ठेवायचेत त्यांनाच करा. लाईटरूममध्येच राहायचं असेल तर सिलेक्ट सब्जेक्ट करून मास्क उलटा करा आणि त्या मास्कमधला नॉईजचा स्लायडर वाढवा, पार्श्वभूमी साफ होते आणि माणसाला धक्का लागत नाही.

सावल्या किती ओढायच्या याचा पण विचार करा. रात्री दोन वाजता लक्ष्मी रोडवरच्या बंद दुकानांच्या पाट्या वाचता यायची काय गरज आहे? ब्लॅक्सचा स्लायडर थोडा खाली घ्या, जिथे काही बघण्यासारखं नाही तिथला अंधार काळाच राहू दे, त्याच्यासोबत तिथला सगळा नॉईज पण बुडतो.

नाटकवाल्यांसाठी वेगळं थोडं. भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या वेळी फोटो काढते तेव्हा फ्लॅश लावायचा प्रश्नच नसतो, आणि जुने पिवळे स्पॉट असतील तर त्या प्रकाशात निळा रंग फारच कमी असतो. म्हणजे सेन्सरच्या निळ्या चॅनलला उपाशी ठेवलेलं असतं. आता तुम्ही व्हाईट बॅलन्स ओढून भिंत पांढरीशुभ्र केली की सॉफ्टवेअर तो निळा चॅनल दोन-तीनपट वाढवतं आणि सगळा नॉईज त्याच्याबरोबर वाढतो. म्हणून तो पिवळेपणा थोडा राहू द्या, अर्ध्या वाटेवर थांबा, नॉईज कमी दिसतो आणि तसंही प्रेक्षकांनी तो प्रवेश पिवळ्या प्रकाशातच बघितलेला असतो. उलट रंगमंच पूर्ण निळा किंवा पूर्ण लाल एलईडीने भरलेला असेल तर बाकीच्या दोन चॅनलमध्ये जवळजवळ काहीच नसतं, असा फोटो रंगात वाचवत बसू नका. ब्लॅक अँड व्हाईट करा आणि मिक्सरमध्ये जो चॅनल भरलेला आहे तोच वर ठेवा.

स्थिर वस्तू असेल, म्हणजे पर्वतीवरून रात्रीचं शहर किंवा शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, तर सगळ्यात उत्तम उपाय म्हणजे एकाच जागेवरून नऊ फोटो काढा, फोटोशॉपमध्ये एका स्टॅकमध्ये उघडा, अलाईन करा, स्मार्ट ऑब्जेक्ट करून स्टॅक मोड मीन, म्हणजे सरासरी, लावा. नॉईज एक तृतीयांश होतो, चार फोटोंनी निम्मा, सोळांनी पाव. मीनऐवजी मीडियन लावलं तर नॉईज किंचित जास्त राहतो पण मधून चालत गेलेली माणसं पण गायब होतात. यात कुठलाही बारकावा पुसला जात नाही. मिरवणुकीत मात्र याचा उपयोग नाही, तिथे काहीच थांबत नाही.

आणि शेवटी फोटो बघायचा किती मोठा आहे ते ठरवा. ६००० बाय ४००० चा फोटो १५०० बाय १००० करून टाकला की सोळा पिक्सलचा एक होतो आणि नॉईज आपोआप पावपट राहतो. मोबाईलवर बघणाऱ्याला तुमचे १०० टक्के झूममधले दाणे कधीच दिसणार नाहीत. म्हणून साईझ कमी करून एकदा बघा आणि मगच अजून डिनॉईज लागतंय का ते ठरवा. १२ बाय १८ च्या प्रिंटमध्ये सुद्धा इंचाला ३३३ पिक्सल बसतात, हातभर अंतरावरून थोडे दाणे बरे वाटतात, पूर्ण गुळगुळीत आकाशात मात्र प्रिंटवर पट्टे पडायची भीती असते, तिथे मी उलट थोडा ग्रेन घालते.

तर त्या ताशावाल्या फोटोचं शेवटी असं केलं. क्लॅरिटी आणि डीहेझ शून्य, एक्स्पोजर अडीचऐवजी १.७, शॅडो ८० वरून ३५, ब्लॅक्स उणे १५, एआय डिनॉईज ३५, मास्किंग ७५, आणि उजवीकडे उडणाऱ्या गुलालावर मूळ कॉपी उघडी ठेवली. मागच्या फलकावरचे अनुस्वार सगळे जागेवर आहेत. तिला तो १२ बाय १८ हवा होता, मी तिला आधी त्यातला चेहरा आणि गुलाल एवढाच तुकडा त्याच मापात छोट्या कागदावर काढून बघायला सांगितलं, लॅबमध्ये एका छोट्या प्रिंटला फार पैसे पडत नाहीत आणि स्क्रीनवर जे कळत नाही ते कागदावर लगेच कळतं. तो काल आला. गालावर दाणे आहेत, जवळून बघितलं तर दिसतात, आणि कपाळावरचा घाम पण दिसतोय. मोठी प्रिंट आज टाकलीय.